माझ्या माघारी बसवलेले कॅम

मी आणि आई गावाहून परत आलो तेव्हा रिक्षा सोसायटीच्या गेटात वळायच्या आधीच मला गाडीचा आवाज ऐकू आला. बोरिवलीच्या आमच्या कंपाउंडमध्ये बऱ्याच गाड्या उभ्या असतात, पण आमची कुठली हे मी डोळे मिटून सांगू शकते. त्या दिवशी मात्र ती ओळखीची असून ओळखीची वाटेना. जागेवर उभी, इंजिन चालू, आणि मधेच ठेच लागल्यासारखी अडखळायची, सावरायची, पुन्हा अडखळायची.

बॉनेट उघडं होतं. एका बाजूला दादा वाकला होता आणि दुसऱ्या बाजूला, जिथे मी उभी राहते तिथे, वहिनी होती. तिच्या अंगात माझा निळा डगला होता. ग्रीसचे डाग पडलेला तो डगला मी खाली मीटरच्या खोलीत खिळ्याला अडकवून ठेवते. तिने बाह्या दुमडल्या होत्या. ती माझ्यापेक्षा उंच, त्यामुळे माझ्या अंगावर लोंबणारा तो डगला तिला अगदी मापाचा वाटत होता.

दादाने मान वर केली. चेहरा घामाने थबथबलेला, आणि इतकं खूश मी त्याला त्याच्या लग्नातही पाहिलं नव्हतं.

"बसवले," तो म्हणाला.

काय बसवले ते मला विचारावं लागलं नाही. मी आईची पिशवी उचलली आणि जिन्याकडे चालू लागले. आईने मागून सांगितलं की निदान बघ तरी. मी म्हटलं, प्रवासाने डोकं दुखतंय.

आता हे कॅम प्रकरण सांगायला हवं. इंजिनाच्या डोक्यावर दोन दांडे फिरत असतात, त्यांना कॅमशाफ्ट म्हणतात. त्यांच्यावरचे उंचवटे झडपा दाबतात, झडपा उघडतात, हवा आणि पेट्रोल आत जातं, धूर बाहेर पडतो. परफॉर्मन्स कॅमचे उंचवटे मोठे असतात. झडपा जास्त वेळ उघड्या राहतात आणि गाडी पळायला लागली की इंजिनाला भरपूर श्वास मिळतो. आमची जुनी मरून सेडान दादाने सेकंडहँड घेतली तेव्हापासून तो या कॅमची स्वप्नं बघायचा, आणि त्याच्याबरोबर मीही. कुठले घ्यायचे यावर आम्ही दोघांनी कितीतरी रविवार भांडून काढले. शेवटी मी सांगितले तेच त्याने परदेशातून मागवले. खोका आला तो आईच्या नजरेस पडू नये म्हणून माझ्या कपाटात साड्यांच्या खाली राहिला. पावसाळा संपला की बसवू, मग दिवाळी झाली की बसवू, असं करत दादाचंच लग्न ठरलं.

दादा विमा कंपन्यांसाठी अपघात झालेल्या गाड्यांचा सर्व्हे करतो. लोकांच्या गाड्यांत कुठे काय फेरफार केलेत ते आठवडाभर शोधायचं आणि रविवारी स्वतःच्या गाडीत तेच करायचं. मी दिंडोशीच्या कोर्टात स्टेनो आहे. आठवडाभर दुसऱ्यांचं बोलणं टाइप करायचं. रविवारी कंपाउंडमध्ये मात्र मी बोलायचे आणि दादा ऐकायचा. कॉलेजात असताना त्याने मला बॅटरी धरायला उभं केलं होतं; पुढे पाना माझ्या हातात आला आणि बॅटरी त्याच्या. बाबा गेल्यानंतर घरात खूप शांतता असायची, तेव्हा आम्ही दोघं खाली जाऊन काहीतरी उघडायचो. लागत नसलं तरी उघडायचो.

वहिनी वर्सोव्याची. तिच्या वडिलांची होडी आहे. होडीच्या डिझेल इंजिनापाशी खेळत ती मोठी झाली, मग मेकॅनिकलचा डिप्लोमा केला, आणि आता अंधेरीच्या एमआयडीसीत मोजमापाची यंत्रं तपासायच्या एका लॅबमध्ये आहे. ती पहिल्यांदा घरी आली तेव्हा मला खरंच आवडली होती. मोकळं हसते, जेवताना लाजत नाही. निघताना दादा तिला गाडीने सोडायला निघाला, मीही खाली गेले. तिने सहज म्हणून बॉनेट उघडायला लावलं आणि आत डोकावून विचारलं, बेल्ट कधी बदललाय? दादाने ज्या नजरेने तिच्याकडे पाहिलं ती नजर मी ओळखत होते. मी पहिल्यांदा एकटीने प्लग काढले होते तेव्हा त्याने माझ्याकडे तसं पाहिलं होतं.

गावाहून आल्यावर मी कपाट उघडलं. साड्यांच्या घड्या नीट होत्या, कुणीतरी काळजीने परत लावल्यासारख्या. खोका नव्हता. खोका कुठे असतो हे फक्त दादाला माहीत होतं.

पहिले काही दिवस दादाला तो अडखळता आवाज फार आवडला. असे कॅम असलेली गाडी अशीच बोलते, तो सगळ्यांना सांगायचा. खालच्या मजल्यावरच्या काकांनी, तुमची गाडी बिघडलीय का, असं विचारलं तर त्यांनाही त्याने दहा मिनिटं समजावलं. त्यात खोटं काही नव्हतं. मोठ्या कॅमने इंजिन सिग्नलला थोडं अडखळतंच. पण हे थोडं नव्हतं. एसी लावला की गाडी बंद पडायची. आरसा इतका थरथरायचा की मागच्या एका बसच्या दोन दिसायच्या. पेट्रोलचा वास जिन्यापर्यंत यायचा. आठवड्याभरात दादाचं सांगणं कमी झालं आणि मला बरं वाटायला लागलं. जेवताना तो गप्प असायचा, वहिनी गप्प असायची, आणि मी मुद्दाम कोर्टातल्या गमती सांगायचे.

मग त्यांचे शोधाचे रविवार सुरू झाले. वहिनीची पद्धत मला गॅलरीतून दिसायची. एका वेळी एकच गोष्ट. आधी प्लग काढून जुने लावले, फरक नाही. मग एकेका कॉइलची वायर काढून बघितली, चारही सिलिंडर काम करत होते. मग टॅपेटची, म्हणजे कॅम आणि झडपेमधली, फट मोजली. मग कुठूनतरी गेज आणून सिलिंडरमधला दाब, म्हणजे कॉम्प्रेशन, बघितलं. दादासारखी ती चार नट एकदम सैल करून ठेवत नव्हती. माझ्यासारखीही नव्हती, मी अंदाजाने थेट दुखऱ्या जागी हात घालते. तिची पद्धत माझ्यापेक्षा चांगली होती हे मला पहिल्याच रविवारी दिसलं, आणि त्याचाच जास्त राग आला.

मी कपडे वाळत घालायचे, काढायचे, परत झटकायचे. शेवटी आई म्हणाली, "खाली जा, नायतर भितूर ये. मधीच लोंबत रवू नको."

मी आत आले. पण स्वयंपाकघराच्या खिडकीतूनही खालचं ऐकू येतं.

वहिनी म्हणत होती की चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन सारखं आहे पण चारही ठिकाणी कमी आहे. म्हणजे एखादी झडप नाही, सगळ्यांचीच वेळ चुकतेय. दोन्ही कॅम फिरवणाऱ्या दातेरी बेल्टवर इनलेटचा, हवा आत घेणाऱ्या झडपांचा, कॅम एक दात मागे बसला असणार. दादा म्हणाला की मोठ्या कॅमला कॉम्प्रेशन कमीच दिसतं, आणि खुणा त्याने स्वतः जुळवल्यात. ती म्हणाली, उघडून बघायला काय जातं? तो म्हणाला, अर्धा दिवस जातो. आवाज चढले नाहीत, पण पाना खाली टाकल्याचा आवाज आला आणि दादा वर आला.

तो थेट माझ्या खोलीत आला. दाराला टेकून उभा राहिला. "तू बघतेस का जरा?" म्हणाला.

मी या वाक्याची किती वाट बघितली होती ते मलाच माहीत. आणि ते आल्यावर मी मान वरही केली नाही. म्हटलं, उद्या सकाळी एक जबानी टाइप करून द्यायचीय, वेळ नाही. तो गेला. त्या दुपारी मी काहीच टाइप केलं नाही.

दोन-चार दिवसांनी दादाला एका अपघाताच्या सर्व्हेसाठी पालघरच्या पुढे जावं लागलं. त्याच दिवशी आईला मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर अंधेरीला डोळे दाखवायला न्यायचं होतं. धुळीत नको म्हणून डॉक्टरांनी रिक्षाला बंदी घातली होती. मी सुट्टी घेतली, वहिनीनेही घेतली. वहिनीला तेव्हा गाडी चालवता येत नव्हती. होडी यायची, गाडी नाही. हे मला कळलं त्या दिवशी मी आतून नाचले होते. तर मी चालवायला बसले, ती शेजारी, आई मागे काळा चष्मा लावून.

कॅम बसवल्यापासून मी पहिल्यांदाच ती गाडी हातात घेत होते. प्रत्येक सिग्नलला ती मरायला टेकायची. एका पायाने ब्रेक, त्याच पायाच्या टाचेने थोडा ॲक्सिलरेटर, असं करत मी तिला जिवंत ठेवत होते. वहिनी माझ्या पायांकडे बघत होती. मला ते आवडत होतं. हायवेवर गाडी मोकळी झाली आणि चौथ्या गिअरमध्ये तिने असा काही जोर दाखवला की क्षणभर मी राग विसरले. हे आम्ही ठरवलं होतं तसंच होतं. मी निवडलेले कॅम होते ते.

जोगेश्वरीच्या पुलाच्या उतारावर पुढे पाण्याचा टँकर थांबला. मी ब्रेक दाबला आणि पेडल गेलंच नाही. दगडावर पाय ठेवावा तसं. मी दोन्ही पायांनी उभी राहिले त्याच्यावर. डावा हात हँडब्रेकवर गेला आणि त्याच्यावर आणखी एक हात आला, वहिनीचा. दोघींनी मिळून तो खेचला. टँकरचा मागचा नळ बॉनेटच्या इतका जवळ आला की त्यातून ठिबकणारं पाणी आमच्या काचेवर उडत होतं. गाडी थांबली आणि बंद पडली.

मागून आई म्हणाली, काय झालं. वहिनीचा हात अजून माझ्या हातावर होता. त्याही वेळी माझ्या मनात आलं की हँडब्रेक मी एकटीनेही खेचला असता.

गाडी कशीबशी कडेला घेतली. मी सीटवरच बसून राहिले. पुन्हा स्टार्ट केली आणि उगाच पेडल दाबून बघितलं. दाबलं, सोडलं, दाबलं. दर वेळी इंजिनाचा सूर बदलत होता. दाबलं की जास्त अडखळायची, सोडलं की थोडी सावरायची. हे गॅलरीतून किंवा बॉनेटपाशी उभं राहून कुणाला कधीच कळलं नसतं. त्याला पायच तिथे असायला हवा.

"वहिनी, बॉनेट उघड," मी म्हटलं. "ब्रेक दाबला की हिचा आवाज बदलतोय."

ती काही न विचारता उतरली. ब्रेक हलका लागावा म्हणून, इंजिन हवा आत खेचतं त्या ओढीवर चालणारा एक डबा असतो, त्याला बूस्टर म्हणतात. इंजिनापासून त्या डब्यापर्यंत रबराचा एक जाड पाइप जातो. वहिनीने मागच्या बाजूला हात घालून तो पाइप चाचपला आणि पक्कडीने दाबून धरला. गाडीची धडधड निम्मी कमी झाली. तिने सोडला, परत सुरू. तिने काचेतून माझ्याकडे बघून मान हलवली. पाइप वळणावर उभा चिरला होता. कॅम बसवताना वरचं कव्हर काढलं तेव्हा तो ओढला गेला असणार. जुनं रबर, थोडं चिरलं आणि रोज वाढत गेलं. त्या चिरेतून इंजिन नको ती हवा ओढत होतं, आणि ब्रेकला ओढच उरली नव्हती.

डॉक्टरांची वेळ होत आली होती. बंदी असली तरी शेवटी वहिनीने रिक्षाच थांबवली, आईच्या चष्म्यावरून पदर नीट घेतला आणि तिचा हात धरून तिला घेऊन गेली. आई वळून माझ्याकडे बघेल असं मला वाटलं. तिने वहिनीच्या खांद्यावर डोकं टेकलं होतं.

जोगेश्वरीत स्पेअर पार्टची दुकानं रांगेने आहेत. मी चिरलेला पाइप हातात घेऊन तिसऱ्या दुकानात त्याच मापाचा मिळवला आणि रस्त्याच्या कडेला उभी राहून स्वतः बसवला. पेडल पूर्वीसारखं मऊ झालं. गाडी बरीच शांत झाली, एसी लावल्यावरही टिकली. पण पूर्ण नाही. खाली, अगदी खाली, एक ठेच उरली होती. मी डोळे मिटून ऐकत राहिले. एका लयीत येत होती ती, चारही सिलिंडरला सारखी. वहिनी म्हणाली होती तेच होतं, बेल्टचा एक दात. हे मला जोगेश्वरीच्या फुटपाथवर कळलं आणि तिथे ते सांगायला कुणी नव्हतं याचं मला बरंच वाटलं.

संध्याकाळी दादा आला. आईनेच त्याला टँकरचं सांगितलं, जरा वाढवून. तो पहिल्यांदा वहिनीकडे गेला. तिचे दोन्ही दंड धरून, लागलं नाही ना कुठे, असं त्याने दोनदा विचारलं. मग आईकडे, मग माझ्याकडे. पेडल थोडं कडक लागतंय हे त्यालाही जाणवलं होतं, पण मोठ्या कॅमने ओढ कमी होते म्हणून असेल असं त्याने धरलं होतं. तो हे सांगत होता आणि मी मोजत होते की मी तिसरी आले.

"पाइप बदललाय मी," मी म्हटलं. "पण अजून मिस मारतेय. वहिनी म्हणत होती तेच आहे. इनलेट एक दात मागे आहे. खुणा तूच लावल्यास ना?"

वहिनीची बाजू घ्यायला मी हे बोलले नव्हते. त्याला लागावं म्हणून बोलले होते, आणि त्याला लागलं. वहिनीने मात्र माझ्याकडे इतक्या चमकून पाहिलं की मला दुसरीकडे बघावं लागलं.

पुढच्या रविवारी मी खाली गेले. डगला खिळ्याला होता, धुतलेला. मी घालायच्या आधी वहिनी म्हणाली की तिने स्वतःचा आणलाय. दादा स्टुलावर बसला आणि आम्ही दोघींनी कव्हर काढलं. क्रँकची, म्हणजे पिस्टन फिरवतात त्या खालच्या दांड्याची, खूण जुळवली, धुराच्या बाजूच्या एक्झॉस्ट कॅमची जुळली, इनलेटची एक दात मागे. दादा वाकून बराच वेळ बघत राहिला. बेल्ट ताणल्यावर इंजिन हाताने पूर्ण फिरवून खुणा परत बघायच्या असतात, कारण ताण बसताना दात सरकतो. इतकी वर्षं ते फिरवायचं काम माझं होतं. कॅम बसवले त्या दिवशी अंधार पडत होता आणि त्याने ते केलं नव्हतं. तो चहा आणतो म्हणून वर गेला.

तो गेल्यावर वहिनीने पाना खाली ठेवला.

"तुला एक सांगू?" ती म्हणाली. "तू गावाला गेलीस म्हणूनच मी घाई केली. तो म्हणत होता, ती आल्यावर करू. मी म्हटलं, नाही, आत्ताच."

मी विचारलं, का?

"वैताग आला होता गं. मी काहीही केलं की हा म्हणायचा, ती असं करते, ती तसं करते. ती असती तर ऐकूनच सांगितलं असतं. मला एक तरी काम असं हवं होतं ज्यात तू नाहीस. आणि ते करताना घाईत हे असं झालं."

मी बेल्टचा ताण सैल करत होते, करत राहिले. मला तिचा राग आला, कारण माझ्या कपाटातून खोका काढायला दादाला तिनेच लावलं होतं. आणि मला इतका आनंद झाला की हातातला पाना निसटला असता. माझ्या माघारी माझं नाव घेतलं जात होतं, आणि तेही तिला बोचेल इतकं. मी तिला म्हटलं, क्रँक धर घट्ट, हलू देऊ नको. तिने धरला. मी इनलेट एक दात पुढे घेतला. मग तिने पान्याने इंजिन दोन वेढे फिरवलं आणि मी खुणा बघितल्या. तिन्ही जुळल्या.

स्टार्ट केल्यावर दादा चहाचे कप हातात घेऊन जिन्यातच थांबला. ठेच गेली होती. राहिली ती या कॅमची स्वतःची हलकी धडधड. लॅपटॉपवर इंजिनाची सेटिंग करणाऱ्या एकाकडे नेऊन आयडल, म्हणजे उभ्या गाडीतला इंजिनाचा वेग, थोडं वर घेतलं, तेव्हा तीही अंगवळणी पडण्यासारखी झाली. आरसा अजून किंचित थरथरतो.

आता रविवारी खाली आम्ही तिघं असतो. वहिनी मोजते, मी ऐकते, दादा आमच्यामध्ये उभा राहून दोघींना चुकवत पाने देतो. त्याने तिला आधी विचारलं की मला अजून लागतं. मला आधी विचारलं की ती फडक्याने हात जास्त जोरात पुसते, तेही मला आता दिसतं. याबद्दल आम्ही पुन्हा कधी बोललो नाही.

तिला गाडी शिकवायचं काम माझ्याकडे आलं. दादा ओरडतो म्हणून तिनेच मला सांगितलं. रस्ते रिकामे असतात तेव्हा सकाळी आम्ही दोघीच निघतो. मागच्या रविवारी ती थेट वर्सोव्यापर्यंत घेऊन गेली. वाळत घातलेल्या बोंबलांच्या गल्लीत, दोन्ही बाजूंना हातभर जागा, तिने गाडी एकदाही न अडकवता आत घातली. तिच्या वडिलांनी बॉनेटवर हात ठेवून थोडा वेळ आवाज ऐकला आणि, चांगली लावलीय, म्हणाले. कुणाला म्हणाले ते कळलं नाही. वहिनी माझ्याकडे बोट दाखवत होती आणि ते तिच्याकडे बघून हसत होते.

परत येताना सात बंगल्याच्या सिग्नलला तिने क्लच इतका अलगद सोडला की गाडी निघाली हे मला झाडं मागे सरकायला लागल्यावर कळलं. मी म्हटलं, क्लच लवकर सोडतेस. ती, बरं, म्हणाली आणि पुढच्या सिग्नलला तसाच सोडला.

पुढच्या महिन्यात तिची लायसन्सची टेस्ट आहे. ती पहिल्याच फटक्यात पास होणार. मला दोनदा द्यावी लागली होती.